फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी स्टँडर्ड झूम लेन्स कशी निवडावी

फुल-फ्रेम बॉडी (३६×२४ मिमी सेन्सरचा कॅमेरा) घेणाऱ्याला लेन्सबद्दल सहसा एकच सल्ला मिळतो: पैसे असतील तर २४-७० एफ/२.८ घ्या, नसतील तर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सवर भागवा. (२४-७० हा लेन्सच्या फोकल लेंग्थचा मिमीमधला पल्ला; आकडा लहान तितकी चौकटीत येणारी रुंदी जास्त. एफ-आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भोकाचा; तो लहान तितका प्रकाश जास्त.) हा सल्ला देणारा तुम्ही काय टिपता हे विचारत नाही आणि लेन्स घरी आल्यावर ती तपासायची कशी हेही सांगत नाही. माझ्या मते या दोनच गोष्टींवर खरेदी योग्य ठरते की अयोग्य, हे अवलंबून असते. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने स्वतः पाळतो आणि इतरांना पाळायला लावतो, त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या पाच पायऱ्या एखाद्या संध्याकाळी उरकतात. सहावीला एक पूर्ण सकाळ लागते आणि नेमकी तीच टाळली जाते.

१. माउंट पाहा

माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ती जोडणी; ती जुळत नसेल तर लेन्स बसत नाही. सोनीच्या ई माउंटवर सोनीबरोबरच सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्सेस मिळतात, तर पॅनासॉनिक आणि लायकाच्या एल माउंटवर सिग्माच्या. निकॉनच्या झेड माउंटवर टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ उपलब्ध आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर मात्र फुल-फ्रेम स्टँडर्ड झूम कॅननचीच घ्यावी लागते, हे गृहीत धरून चाला. जुनी ईएफ लेन्स (कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांची) घरात असेल तर ती अ‍ॅडॉप्टरवर उत्तम चालते, म्हणून ती विकण्याची घाई करू नका.

२. फोकल लेंग्थ आपल्याच फोटोंना विचारा

मागच्या एक-दोन वर्षांतले, तुम्ही स्वतः निवडून ठेवलेले फोटो लाइटरूममध्ये किंवा डिजिकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि फोकल लेंग्थप्रमाणे त्यांची विभागणी करा. आधीचा कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा असेल तर आलेल्या आकड्याला निकॉन आणि सोनीसाठी १.५ ने, कॅननसाठी १.६ ने गुणा. निकॉनच्या जुन्या १८-५५ किट लेन्सचा पल्ला त्या हिशेबाने सुमारे २७ ते ८३ मिमी भरतो.

हा तक्ता वाचताना एक सावधगिरी घ्या. बरेचसे फोटो लेन्सच्या अगदी टोकाच्या आकड्यावर साचलेले दिसले, तर त्याचा अर्थ तुम्हाला तो आकडा आवडतो असा नसून तुम्हाला तिथून आणखी पुढे जायचे होते आणि लेन्सने अडवले, असा असतो. १८-५५ च्या ५५ मिमीवर ढीग लागला असेल, तर तुम्हाला ७० मिमीला संपणारी लेन्स अपुरी पडणार आहे. २४-१०५ किंवा निकॉनची २४-१२० पाहा. १८ मिमीवर ढीग असेल, तर २८ पासून सुरू होणाऱ्या लेन्सेस यादीतून काढून टाका.

२४ आणि २८ यांतला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. कॅमेरा आडवा धरून तीन मीटरवरून फोटो काढला, तर २४ मिमीला समोरची ४.५ मीटर रुंदी चौकटीत येते आणि २८ मिमीला सुमारे ३.९ मीटर. फ्लॅटच्या हॉलमध्ये बारशाचा ग्रुप फोटो घेताना पाठ भिंतीला टेकलेली असते, मागे सरकायला जागा नसते आणि कडेची आत्या चौकटीबाहेर राहते. उलट, ज्यांचे काम मुख्यतः माणसांचे चेहरे टिपण्याचे आहे, त्यांना २८ पासून सुरू होणारी हलकी लेन्स वर्षानुवर्षे पुरते.

३. एफ/२.८ की एफ/४

इथे सर्वांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात. एफ/२.८ घेतल्याशिवाय पार्श्वभूमी धूसर होत नाही, असे ठामपणे सांगितले जाते. दूरची पार्श्वभूमी किती धूसर होईल हे, चेहरा चौकटीत तेवढाच मोठा ठेवला असता, मुख्यतः अ‍ॅपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते आणि तो व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ-आकडा. ७० मिमीला एफ/२.८ वर तो २५ मिमी येतो, १०५ मिमीला एफ/४ वर तो २६ मिमीच्या थोडा वर जातो. म्हणजे दोन पावले मागे सरकून १०५ वर काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये मागची झाडे जवळजवळ तेवढीच विरघळतात. केवळ या एका कारणासाठी दुप्पट पैसे आणि जास्त वजन पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एफ/२.८ ची खरी किंमत अंधारात वसूल होते. मंगल कार्यालयात संध्याकाळच्या रिसेप्शनला एफ/२.८, १/१६० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ६४०० असे गणित जुळत असेल, तर एफ/४ वर तोच शटर स्पीड ठेवण्यासाठी आयएसओ १२८०० करावा लागतो. स्टॅबिलायझेशन इथे मदतीला येत नाही, कारण ते तुमच्या हाताची थरथर सावरते, अक्षता टाकणाऱ्यांचे हात थांबवत नाही. लग्ने, नाटके, गाण्याच्या मैफली आणि घरातली लहान मुले हे तुमचे विषय असतील तर एफ/२.८ घ्या. गडकिल्ले, प्रवास, वाडे आणि देवळे दिवसाउजेडी टिपणार असाल तर एफ/४ घ्या आणि उरलेल्या पैशांत एक एफ/१.८ ची ५० मिमी प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्या; अंधारात ती कोणत्याही एफ/२.८ झूमपेक्षा दुपटीहून अधिक प्रकाश देईल.

पल्ल्याच्या टोकाला अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा एफ/७.१ पर्यंत घसरणाऱ्या किट लेन्सेस दिवसाच्या प्रवासाला वाईट नसतात. पॅनासॉनिकची २०-६० तर २० मिमीपासून सुरू होते आणि फक्त ३५० ग्रॅमची आहे.

४. वजन, फिल्टर आणि पाऊस

वजन दुकानातल्या पाच मिनिटांत कळत नाही, म्हणून आकडे पाहा: कॅननची आरएफ २४-७० एफ/२.८ सुमारे ९०० ग्रॅम, सोनीची २४-७० एफ/२.८ जीएम २ सुमारे ६९५, निकॉनची झेड २४-१२० एफ/४ सुमारे ६३०, टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ सुमारे ५४० आणि सिग्माची २८-७० एफ/२.८ सुमारे ४७०. फिल्टरचा व्यासही बघून घ्या, कारण ८२ मिमीचा चांगला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) ६७ मिमीच्या पोलरायझरपेक्षा बराच महाग पडतो. पावसाळी ट्रेक किंवा वारी टिपणार असाल तर माउंटभोवती रबरी कडे असलेली लेन्स निवडा, पण तेवढ्या भरवशावर तिला धो धो पावसात उघडी ठेवू नका.

५. खरेदी

जीएसटीचे पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी यांशिवाय नवी लेन्स घेऊ नका, आणि दोष निघाल्यास किती दिवसांत नग बदलून मिळेल हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. जुनी घेत असाल तर मागचे-पुढचे झाकण काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे आहे याची खात्री करून, एका बाजूने टॉर्चचा प्रकाश सोडा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे तंतू दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी ती परत करा.

६. हातात आलेला नग तपासा

समीक्षांमधले आलेख त्या समीक्षकाच्या हाती आलेल्या नगाचे असतात, तुमच्या नगाचे नसतात. झूम लेन्समध्ये काचांचे अनेक गट पुढे-मागे सरकतात आणि त्यातली एखादी काच मध्यरेषेवरून किंचित ढळलेली किंवा कललेली असली, की फोटोची एक बाजू किंवा एक कोपरा मऊ येतो. याला डीसेंटरिंग म्हणतात. गट सरकत असल्यामुळे हा दोष २४ मिमीला अजिबात नसून ७० मिमीला ठळक असू शकतो, म्हणून एका आकड्यावर तपासून समाधान मानणे निरर्थक आहे.

बहुतेक ठिकाणी विटांच्या भिंतीचा फोटो काढायला सांगतात. तो सल्ला सोडून द्या. भिंत काही मीटरवर असते आणि कॅमेरा तिला तंतोतंत समांतर नसेल, तर एक बाजू फोकसच्या बाहेर जाते आणि चांगल्या लेन्सवर खोटा आरोप येतो. अशा भिंतीच्या फोटोवरून निर्दोष लेन्स परत केलेली माणसे मी पाहिली आहेत. मलाही ही पायरी बराच काळ अवघड जात होती आणि भिंत सोडून दूरचे दृश्य धरल्यावरच निकाल खात्रीचे येऊ लागले. फार दूरच्या वस्तूच्या बाबतीत कॅमेऱ्याचा कोन महत्त्वाचा राहत नाही, म्हणून इथे ती चूक शिरतच नाही.

गच्चीवरून निदान दोन-तीनशे मीटर दूरचा एक बारीक तपशील निवडा. मोबाइल टॉवरची जाळी सर्वांत सोयीची, कारण तिच्या कडा स्पष्ट असतात. वेळ सकाळची ठेवा. ऊन तापल्यावर पत्रे आणि रस्ते यांवरून चढणारी गरम हवा दूरचे सगळे थरथरवते आणि कोणतीही लेन्स मऊ वाटू लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा, पुढचा फिल्टर काढा, आयएसओ सर्वांत कमी ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये टिपा.

आता लेन्स २४ मिमीवर (किंवा तिच्या रुंद टोकावर) आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा. टॉवर चौकटीच्या मध्यभागी आणून फोकस करा आणि लगेच मॅन्युअल फोकसवर जा. इथून पुढे फोकसची रिंग, झूमची रिंग आणि कॅमेऱ्याचा स्विच यांना हात लावायचा नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या बऱ्याच लेन्सेसमध्ये फोकस मोटरने हलतो आणि कॅमेरा बंद झाला किंवा झोपी गेला की तो जागेवर राहिला असेलच असे नाही, म्हणून आपोआप बंद होण्याची सोय आधीच बंद करून ठेवा. मध्यभागाचा एक फोटो घ्या. मग ट्रायपॉडचे डोके फिरवून तोच टॉवर एकेक करून चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येक वेळी एक फोटो घ्या. कोपऱ्याच्या अगदी टोकाला न नेता थोडे आत ठेवा. हे पाच फोटो झाले की झूम ३५, ५० आणि लांब टोकावर नेऊन तेच पुन्हा करा. झूम बदलल्यावर मध्यभागी नव्याने फोकस करायला विसरू नका, कारण आजच्या बहुतेक झूम लेन्सेसमध्ये झूम फिरवल्यावर फोकस जागेवर राहीलच याचा भरवसा नसतो.

फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहा आणि तुलना कोपऱ्याची कोपऱ्याशी करा, मध्यभागाशी नव्हे. उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे मध्यभागापेक्षा मऊ असणारच. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर ती त्या लेन्सची रचना आहे आणि दुसरा नग आणून काहीही बदलणार नाही. कित्येक नव्या लेन्सेसचा २४ मिमीचा वक्राकार विपर्यास सॉफ्टवेअरने सरळ केला जातो आणि त्यात कोपरे ताणले जातात, पण तेही चारही बाजूंना सारखेच. तुम्ही शोधायचा आहे तो एकट्या पडलेल्या कोपऱ्याचा किंवा एका बाजूच्या दोन कोपऱ्यांचा मऊपणा. तो दिसला तर संपूर्ण मालिका पुन्हा एकदा काढा. दुसऱ्या खेपेला दुसराच कोपरा वाईट आला, तर ट्रायपॉड हलला आहे किंवा हवा तापली आहे. तोच कोपरा आला, तर दुसरी एखादी लेन्स लावून पाहा. तिच्यातही तोच कोपरा मऊ असेल तर दोष बॉडीच्या माउंटमध्ये किंवा सेन्सरच्या बसवणुकीत आहे आणि लेन्स बदलून उपयोग होणार नाही.

किती फरक चालवून घ्यावा, याबद्दल माझा नियम पक्का आहे. चारही कोपरे सर्व आकड्यांना तंतोतंत सारखे असलेली झूम लेन्स मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. एफ/२.८ ला किंवा एफ/४ ला थोडासा फरक असेल आणि तो दोन स्टॉप बंद केल्यावर, म्हणजे एफ/५.६ किंवा एफ/८ वर तेच फोटो पुन्हा घेतल्यावर, नाहीसा होत असेल, तर लेन्स ठेवून घ्या. एफ/८ लाही एक कोपरा उरलेल्या तिघांपासून वेगळा दिसत असेल, तर कोणत्याही समजावणीला बळी न पडता नग बदलून मागा, कारण निसर्गचित्रांत आणि ग्रुप फोटोंत तुम्ही त्याच अ‍ॅपर्चरवर काम करणार आहात.

दुकानात जाताना चार कोपऱ्यांचे तुकडे एका पानावर शेजारी शेजारी लावून, प्रत्येकाखाली फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर लिहून न्या. दोष आहे असे नुसते तोंडी सांगितले तर काउंटरवर समोरचाच एक फोटो काढून काढता पाय घ्यायला लावतात. कागद समोर असला की बोलणे मुद्द्यावर येते. बदलून मिळालेला नगही याच पद्धतीने आणि मुदतीच्या आतच तपासा. ठेवून घेतलेल्या लेन्सच्या रॉ फाइल्स बिलाच्या फोटोसोबत एका फोल्डरमध्ये जपा, म्हणजे पुढे लेन्स कधी आपटली तर त्याच गच्चीवरून, त्याच टॉवरवर नवी मालिका काढून काय बिघडले आहे ते सर्व्हिस सेंटरला नेमके दाखवता येईल.