आजीचं नाणं घासू नका

आजीच्या बटव्यातून राणीछाप रुपया किंवा १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा हाती आला, की चिंच लावून लख्ख करायचा मोह होतो. तो आवरा. घासल्याने अक्षरं झिजतात आणि वर्षानुवर्षांची काळसर झाकही जाते. नाणं कडेने धरा, धूळ मऊ कुंचल्याने झटका. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात तांब्याच्या नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो, ते टाळा. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू नाण्याखालच्या पानावर वाहिलं तरी चालतं, असं मला वाटतं.

मुख्य काम मात्र वेगळंच. नाणं कोणाचं, कुठे ठेवलेलं असायचं, कोणत्या प्रसंगी मिळालं, हे आई-मावशीला आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबतच ठेवा.