जुन्या चांदीच्या भांड्यांवरची खूण कशी ओळखावी

कोकणातल्या घरांत जुनी चांदी निघते ती देवघरातून नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेतून, मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. वाटी, फुलपात्र, पळी, क्वचित ताट. ती हाती आली की आधी घासायला घेऊ नका. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर नकोच. खाचांतल्या काळेपणामुळेच अक्षरं वाचता येतात. फक्त धूळ पुसा, भांडं तिरक्या उन्हात धरा आणि भिंगातून तळ व काठ बघा.

आपल्या भांड्यांवर बहुधा कारागिराचा छाप नसतो, घरचं नाव असतं, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. मावशीच्या फुलपात्रावर नावाखाली 'शके १८२५' आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १९०३. पण ते नाव घातल्याचं वर्ष. भांडं त्याहून जुनंही असू शकतं. त्याच्या जोडीचं फुलपात्र आम्ही एका दुकानात पॉलिशला दिलं आणि ते नाव पुसूनच परत आलं. ती हळहळ अजून जात नाही.

विलायती भांड्यावर ओळीने छोटे ठसे असतात. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी. बिबळ्याचं तोंड लंडनचं, मुकुट शेफील्डचा (१९७४ पर्यंत). नांगर बघून आपल्याला बंदर आठवतं, पण तो बर्मिंगहॅमचा, आणि ते समुद्रापासून लांब! सुटं अक्षर वर्षाचं. प्रत्येक शहराची अक्षरमाला वेगळी, म्हणून आधी शहर ओळखा. राजा-राणीचा मुखवटा असेल तर १७८४ ते १८९० दरम्यान कर भरल्याची ती खूण. दाट वेलबुट्टी आणि रोमन लिपीत 'ओ. एम.' दिसलं, तर भुजचे नामांकित कारागीर उमरसी मावजी आठवा; मात्र नुसत्या अक्षरांवर भाळू नका, नक्षीचं कामही पारखा.

'ई.पी.एन.एस.' म्हणजे नुसता मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच.

शंका असेल तर भांडं कोरडं तोला. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि भांडं दोऱ्याने पूर्ण बुडवा; तळाला टेकू नये, आत हवा राहू नये. मूळ वजनाला काट्यावरच्या आकड्याने भागा. २१० ग्रॅमच्या वाटीला २० आले तर उत्तर १०.५, म्हणजे चांदीशी जुळतं. साडेआठच्या आसपास आलं तर जर्मन सिल्व्हर किंवा पितळ समजा. पोकळ किंवा लाख भरलेल्या मुठीला हा हिशेब लागू नाही.

पावसाळ्याआधी भांडी कोरड्या सुती कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवा. रबरबँड लावू नका. त्यातल्या गंधकाने चांदीवर काळे वळ उठतात.