बंगल्याच्या मागे पटिंग ग्रीन कसं करावं

पटिंग ग्रीन म्हणजे गोल्फचा चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायचा सराव करायची हिरवळ. ते करायचं ठरलं की लोक पहिल्यांदा गवताचे नमुने बघायला जातात. कॉन्ट्रॅक्टरही तेच पुढे करतो, कारण त्याचा पैसा गवताच्या चौरस फुटात असतो. नमुने खुशाल शेवटी बघा. चेंडू वळतो, अडखळतो, भलतीकडे जातो तो गवताखालच्या पायामुळे. पावसाळा सरला की कुणाचं ना कुणाचं बिघडलेलं ग्रीन बघायला मला बोलावणं येतं. गवत उचललं की खाली एक तर कोबा असतो, नाहीतर नुसती चोपलेली माती.

खऱ्या गवताचा विचार डोक्यातून काढा. अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संघटनेच्या शिफारशीनुसार कोर्सवरच्या ग्रीनखाली 10 सेंटिमीटर खडी आणि त्यावर 30 सेंटिमीटर वाळूचा थर लागतो. वरचं ठेंगणं बर्म्युडा गवत जवळजवळ रोज, तेही 3-4 मिलिमीटरवर, कापावं लागतं. तुमच्या माळ्याच्या मशीनचं ते काम नव्हे. घरी कृत्रिम गवतच.

आकार 13 बाय 20 फूट धरू. रोल साधारण 2 मीटर रुंदीचा येतो, त्यामुळे दोन पट्ट्यांत आणि एकाच जोडात काम भागतं. दिवाळीनंतर जमीन वाळली की खोदायला घ्या. कोकणात जांभा लागला तर सहा इंच खोदाई पुरते. पुणे, नाशिक, नगरकडची काळी माती असेल तर निदान फूटभर काढून टाका आणि मुरूम भरून दाबा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर केलेलं काहीही जागेवर राहत नाही. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा.

आता पाया. मला सर्वांत जास्त छळलंय ते याच टप्प्याने, म्हणून इथे घाई करणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही.

आधी कोब्याचं बघू. ‘साहेब, चार इंच पीसीसी (साधं काँक्रीट) मारू, वर गवत चिकटवू, कायमचं काम’ असं कुणीतरी म्हणणारच. नको म्हणा. कोब्यावर चिप केलेला, म्हणजे थोडा उचलून मारलेला, चेंडू टणकन उडतो, खोलगट भागात पाणी साचतं आणि पुढे ढाळ चुकलाय असं कळलं तर ब्रेकर लावून तो फोडण्यावाचून उपाय नाही. खडीचा पाया खरवडून पुन्हा दाबता येतो.

खडी एकाच मापाची घेऊ नका. नुसती 20 एमएम खडी कितीही दाबली तरी पायाखाली सरकत राहते आणि तिच्यावर पसरायची डस्ट, म्हणजे क्रशरची बारीक दगडी भुकटी, तिच्या फटींत झिरपून जाते. क्रशरवरून खडीपासून डस्टपर्यंत सगळं मिसळलेला माल मागवा. 13 बाय 20 फुटांच्या ग्रीनला दाबून चार इंच थर हवा, म्हणजे सुमारे सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माल. तो दोन-दोन इंचांच्या थरांत पसरायचा आणि प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने उभा-आडवा दाबायचा. सगळा एकदम ओतून वरून मशीन फिरवलं तर वरचे दोन इंच घट्ट होतात आणि खालचे पुढच्या जूनमध्ये बसतात. कडांना मशीन पोचत नाही, तिथे धुमस घ्या.

मालात ओल किती हवी, हे कुणी सांगत नाही आणि सगळं त्यावरच अडतं. मूठभर डस्ट आवळा. मूठ उघडल्यावर मुटका टिकला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये आणि बोटाने टोचल्यावर मुटका दोन तुकड्यांत फुटायला हवा. कोरडा माल मशीनखाली नुसता उडतो. चिखल झालेला माल एकीकडे दाबला की दुसरीकडे वर येतो.

ढाळ घराच्या उलट दिशेला, दीड टक्का. म्हणजे 20 फुटांत साडेतीन इंच. खुंट्या ठोकून सुतळी ताणा आणि लेव्हल पाइपने माप घ्या. अंदाजाने ढाळ काढणाऱ्या गवंड्याला प्रेमाने बाजूला बसवा. उंचवटे हवेत तर बेताने: दोन इंचांचं टेकाड किमान सहा फुटांत उतरलं पाहिजे, नाहीतर चेंडू तिथे कधीच थांबणार नाही. आणि हे टेकाड खडीच्या थरातच घडवा. वरच्या डस्टचा थर सगळीकडे सारखा, दीड इंच. डस्टचाच ढीग करून उंचवटा केला तर जाड भाग जास्त बसतो आणि वर्षभरात आकार बदलतो.

डस्ट ॲल्युमिनियमच्या पट्टीने ओढा, दाबा, पुन्हा ओढा. मग दोन परीक्षा. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून उजेड टाका. दिवसा सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक खोलगटाला सावली पडते. दुसऱ्या दिवशी पाइपने पाणी मारा आणि जिथे डबकं राहील तिथे चुन्याने खूण करा. शेवटी डस्टवरच पटरने, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या काठीने, चेंडू मारून पाहा. इथे तो वाकडा गेला तर गवताखालीही जाणारच.

होलचा व्यास सव्वाचार इंच आणि खोली कमीत कमी चार. होलमध्ये बसणारा कप पाया दाबून झाल्यावरच बसवा. काठ डस्टच्या पातळीच्या किंचित खाली ठेवा आणि तळाला पाणी मुरायला खडी भरलेला खड्डा करा. खाली काळी माती असेल तर छोटा पाइप काढून पाणी कडेला सोडा. कपभोवती दोन-तीन फूट ढाळ दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि कप जोडावर कधीच नको.

गवत 10 ते 15 मिलिमीटरचं, दाट. बाल्कनीत अंथरतात ते 35-40 मिलिमीटरचं लुसलुशीत गवत इथे निरुपयोगी. रोल दोन तास उन्हात पसरून ठेवा, दोन्ही पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवा, जोडाखाली टेप आणि चिकटद्रव्य लावा, कडेला गॅल्व्हनाइज्ड खिळे ठोका. विटांची किनार करायची तर उताराच्या बाजूला फटी सोडा, नाहीतर हौद तयार होईल.

मग गोल कणांची कोरडी सिलिका वाळू थोडी थोडी टाकून कडक झाडूने आत घाला. नदीची मातकट वाळू चालत नाही, तिची खपली धरते. वाळू जास्त, तर ग्रीन वेगवान.

वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो: त्यावरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो तो ग्रीनचा वेग. 1935 मध्ये एडवर्ड स्टिम्पसन यांनी ही साधी खाचेची पट्टी बनवली. ॲल्युमिनियमच्या अँगलवर 30 इंचांवर खूण करून, एक टोक जमिनीला टेकवून सुमारे 20 अंशांत धरून त्या खुणेवरून चेंडू सोडला की घरच्यापुरतं भागतं. शक्य तितक्या सपाट भागावर दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढा. नऊ-दहा फूट आलं तर घरासाठी उत्तम. बारा-तेराच्या मागे लागू नका, दीड टक्क्याच्या ढाळावर चेंडू होलला चुकला की थेट कुंड्यांत जाईल.

पावसाळ्यात सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, ते कोरड्या दिवशी ताठ ब्रशने काढा. वाळू वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, थोडी भरावी लागते.