मैत्रीण बाळाच्या दुधात शुगर-फ्री टाकते: बोलायचं का, आणि बोलायचं तर कसं

केस साधारण अशी असते. मैत्रिणीचं पोरगं दीड-दोन वर्षांचं, आणि तुमच्यासमोर ती आजोबांची डबी उचलते, अंगठ्याने दाबते, टक्कन एक गोळी दुधात पडते, ढवळते आणि कप त्याच्या हातात. वर सांगते, आमच्याकडे दोन्ही बाजूंनी शुगर आहे बाई, याला आत्तापासून साखरेची सवयच नको. आता बोलावं तर आगाऊपणा, न बोलावं तर घरी जाईपर्यंत डोक्यात तेच. माझं मत विचाराल तर बोला. पण एकदाच, एकटीला गाठून, आणि सुरुवात प्रश्नाने करा.

प्रश्नाने का, तर तुम्हाला सगळं माहीत असेलच असं नाही. लहान मुलांनाही टाइप १ डायबेटीस होतो, आणि फिट्स येणाऱ्या काही मुलांना डॉक्टर किटोजेनिक डाएटवर ठेवतात, तिथे तर साखरच काय, पोटात जाणाऱ्या प्रत्येक कार्बचा हिशोब असतो. असल्या गोष्टी लोक सगळ्यांना सांगत बसत नाहीत. म्हणून आधी सरळ विचारायचं, "अगं, हे डॉक्टरांनी सांगितलंय का?" हो म्हणाली तर विषय संपला, पुढे एक अक्षर बोलायचं नाही, "कोणत्या डॉक्टरांनी" हेही नाही. "नाही गं, मीच सुरू केलं" म्हणाली, तरच पुढचं.

पुढचं बोलायला थोडी माहिती हाताशी लागते, नाहीतर ते "मी कुठेतरी वाचलं" असं होतं आणि त्याला कोणी भीक घालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या बाळांच्या वरच्या आहाराबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात गोड पेयं नकोत हे तर आहेच, पण साखरेऐवजी वापरायचे स्वीटनरही देऊ नयेत असं स्पष्ट आहे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ, हृदयरोग, आहार आणि लहान मुलांचे दात अशा चार संघटनांनी २०१९ मध्ये मिळून सांगितलं की पाच वर्षांखालच्या मुलांना स्वीटनर घातलेली पेयं टाळा. कारण असं नाही की हे विष आहे. इतक्या लहान मुलांवर वर्षानुवर्षं काय परिणाम होतो याचा नीट अभ्यासच फारसा नाही, आणि दुसरं म्हणजे जीभ. या गोळ्यांत जे स्वीटनर असतात त्यांतलं अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, सुक्रालोज तर ६०० पट. ज्या वयात पोरगं चव शिकतंय त्या वयात दूध म्हणजे गोडच हे पक्कं बसतं, मग ती गोडी उसाची की कारखान्यातली याने त्याला काय फरक पडतो? म्हणजे सवय मोडायला म्हणून जे सुरू केलं त्यानेच सवय लागते. मैत्रिणीला पटणारा मुद्दा हाच आहे, कारण तिला हवंय तेच तुम्ही बोलताय.

वजनाचं म्हणाली तर जागतिक आरोग्य संघटनेचीच २०२३ ची दुसरी सूचना आहे, वजन आटोक्यात ठेवायला हे स्वीटनर वापरू नका, लांबच्या पल्ल्यात मोठ्यांना नाही आणि मुलांनाही चरबी कमी व्हायला फायदा दिसत नाही. ज्यांना आधीपासून डायबेटीस आहे त्यांना ती सूचना लागू नाही, त्यामुळे आजोबांच्या डबीबद्दल बोलायला जाऊ नका, तो वेगळाच तमाशा होईल.

आता एक हिशोब, मला स्वतःला हा सगळ्यात कामाचा वाटतो. अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा धरली आहे वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम. डाएट कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅनच्या वर जावं लागतं. ११ किलोच्या पोराची तीच मर्यादा ४४० मिलिग्रॅम, म्हणजे दीड-दोन कॅनमध्ये गाठली. दुधातल्या एका गोळीने तिथे कोणी पोचत नाही हे प्रामाणिकपणे सांगायचं, पण गोळी दुधात, मग शुगर-फ्री बिस्किट, मग शुगर-फ्री जेली, आणि तापाच्या सिरपमध्येही बऱ्याचदा सॅकरिन नाहीतर सुक्रालोज असे दुसरे स्वीटनर असतातच (त्यांच्या मर्यादा वेगळ्या), दिवसभरातल्या या सगळ्याची बेरीज कोणी करत नाही.

कॅन्सरचे फॉरवर्ड मात्र पाठवू नका, प्लीज. २०२३ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने अ‍ॅस्पार्टेम "कदाचित" कॅन्सरकारक या गटात टाकलं हे खरं, पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने ४० मिलिग्रॅमची मर्यादा तशीच ठेवली. एका आईला रात्री अकरा वाजता कॅन्सर हा शब्द पाठवला की ती घाबरते, मग चिडते, आणि मग तुमचं बाकीचं खरं असलेलंही ऐकत नाही.

कधी बोलायचं? सासूबाईंसमोर नाही, भिशीत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर तर नाहीच. पोरं खाली खेळतायत आणि तुम्ही दोघी बाकावर बसलाय, असं काहीतरी. "तुझं बरोबरच आहे, साखर नकोच, मी पण त्याच मताची. पण ही गोळी लहान मुलांसाठी नाही म्हणतात गं, डबी बघूया का?" असं म्हणा आणि खरंच डबी उलटी करून दोघींनी वाचा. बऱ्याच पॅकवर मागे बारीक अक्षरात लहान मुलांसाठी शिफारस नाही असं छापलेलं असतं, नाव नसेल तर नंबर असतो, ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९५४ सॅकरिन, ९६० स्टीव्हिया. छापलेलं तिने स्वतः वाचलं की तुम्हाला फार बोलावंच लागत नाही.

आणि नुसतं "देऊ नकोस" म्हणून निघून येऊ नका, मग देऊ काय हे तिला हवं असतं. साधं दूध द्यायचं, त्यात स्वतःची साखर, लॅक्टोज, असतेच. एकदम बंद केलं तर कप फेकेल, म्हणून गोळी अर्धी, मग पाव, मग बंद, आठवड्या-दोन आठवड्यांत जीभ वळते. खीर-सत्त्वात पिकलेलं केळं कुस्करून किंवा खारकेची पूड चिमूटभर. गूळ "नैसर्गिक" म्हणून चमच्या-चमच्याने घालायला लागली तर तीही साखरच आहे हे हळूच सांगा, आणि धाकटं एक वर्षाच्या आतलं असेल तर मध अजिबात नाही.

दोन ठिकाणी मात्र भीड ठेवायची नाही. पोराला जुलाब लागलेत आणि ती घरच्या मीठ-साखर पाण्यात साखरेऐवजी गोळी टाकतेय, तर तिथल्या तिथे थांबवा. त्यातली साखर चवीला नसते, तिच्यामुळे आतड्यात मीठ आणि पाणी शोषलं जातं. एक लिटर पाण्याला सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, नाहीतर सरळ मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट. दुसरं, पीकेयू नावाचा जन्मजात आजार असेल तर अ‍ॅस्पार्टेम चालतच नाही. आजार दुर्मिळ आहे, पण टाचेतून रक्त घेऊन जन्मतःच करायची ती चाचणी आपल्याकडे सगळ्या हॉस्पिटलात होत नाही.

एवढं करून ती म्हणाली "बघते गं", तर बघू द्या, पुढच्या भेटीत कपात डोकावायचं नाही. फार तर "पुढच्या लसीला जाशील तेव्हा डॉक्टरांना विचार ना" एवढंच. तुमचं स्वतःचं पोरगं तिच्या घरी दूध पिणार असेल तर तो वेगळा विषय, तिथे सरळ सांगा, "आमच्याला बिनसाखरेचं, बिनगोळीचंच दे, त्याला तसंच आवडतं."