ग्रहणाची तारीख घरबसल्या काढा

माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांपैकी कुणीतरी हमखास विचारतंच, "मॅडम, सगळं आधीच ठरलेलं असतं का हो?" यावर भाषण देण्यापेक्षा मी त्यांना ग्रहण मांडायला बसवते. तुम्हीही बसा. कागद, पेन्सिल आणि एक जुनं ग्रहण पुरे.

ज्याची तारीख पक्की ठाऊक आहे असं ग्रहण घ्या. मी १६ फेब्रुवारी १९८०चं खग्रास सूर्यग्रहण घेते. अंकोल्यापासून कोणार्कपर्यंत त्याच्या पट्ट्यात भरदुपारी अंधारलं होतं. आता २२३ चांद्रमास पुढे जायचं. अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३०५९ दिवस, म्हणजे एकूण ६५८५.३२ दिवस. कॅलेंडरवर हे असं मोजा: १८ वर्षं पुढे जा, १५ दिवस मिळवा आणि वाटेत २९ फेब्रुवारी जितक्यांदा आली तितके दिवस वजा करा. इथे ती पाचदा येते, उरले १०. उत्तर २६ फेब्रुवारी १९९८. त्या दिवशी कॅरिबियन बेटांवर खग्रास सूर्यग्रहण झालं.

२२३च का, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रहणाला नुसती अमावास्या पुरत नाही, चंद्र राहू किंवा केतूपाशीही हवा. हे दोन्ही म्हणजे सूर्यमार्ग आणि चंद्रमार्ग छेदतात ते बिंदू. राहूपासून राहूपर्यंतच्या २४२ फेऱ्यांना ६५८५.३६ दिवस लागतात. चंद्र पृथ्वीच्या जवळ येण्याच्या २३९ फेऱ्यांना ६५८५.५४. तीन वेगळी चक्रं जवळजवळ एकाच वेळी जुळतात, म्हणून जुनं ग्रहण बहुतांशी तसंच परत येतं.

आता ते उरलेले .३२ पाहा. ते साधारण ८ तास. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून ग्रहण आपल्याकडून कॅरिबियनला गेलं. हीच रीत तीनदा वापरली की ते पुन्हा आपल्या बाजूला येतं: ९ मार्च २०१६, मग २० मार्च २०३४. या वेळी पट्टा कारगिल भागातून जाईल. (तिकिटं काढायला अजून वेळ आहे.)

हे चक्र बाबिलोनच्या लोकांनी शोधलं, गुरुत्वाकर्षणाचा पत्ता नसताना, निव्वळ पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून. शेजारच्या अॅसिरियात तर राजाला वाईट ठरणारं ग्रहण असलं की एसरहद्दोन राजाच्या काळात गादीवर बदली राजा बसवत. ग्रहण चुकवता येत नाही हे मान्य, पण त्याचं फळ दुसऱ्याच्या माथी मारता येतं अशी समजूत! मुलांना मी इथे मुद्दाम थांबवते. आकडा अटळ असणं आणि नशीब अटळ असणं या दोन गोष्टी आहेत. पुढे ग्रीकांनी हेच २२३ महिने दातेरी चाकांत बसवले. अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रात सापडलेल्या यंत्रावर त्यांची स्वतंत्र तबकडी आहे. आर्यभटानं इ. स. ४९९च्या सुमारास ग्रहण म्हणजे सावली असं स्वच्छ लिहून ठेवलं. पण चंद्राचं हे गणित कशामुळे चालतं, ते न्यूटननंतरच कळलं. १८१४ मध्ये फ्रेंच गणिती लाप्लास म्हणाला, सगळ्या वस्तूंची जागा आणि त्यांवरची बलं ज्या बुद्धीला ठाऊक असतील तिला भूत-भविष्य दोन्ही दिसेल. अशा बुद्धीची पुसटशी कल्पना खगोलशास्त्रावरूनच येते, असंही त्यानं सांगितलं. माझ्या मते त्याचा सगळा भरवसा ग्रहण वेळेवर येण्यावर उभा आहे. पावसाचा अंदाज बघून कुणी असं बोललं नसतं.

आणि ही रीतही झिजते. ६५८५.३२ आणि ६५८५.३६ यांतला फरक साठत जातो, दर फेरीला चंद्र राहू-केतूपासून अर्ध्या अंशानं सरकतो. बारा-तेराशे वर्षांत ग्रहणांची ती माळ संपते.

सरावासाठी ७ सप्टेंबर २०२५चं खग्रास चंद्रग्रहण घ्या, त्याचा मध्य होता रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी. २९ फेब्रुवारी चारदा येते, आणि शेवटी ते .३२ दिवसही मिळवा. १९ सप्टेंबर २०४३, सकाळी सव्वासातच्या आसपास असं उत्तर आलं तर बरोबर. फक्त तेव्हा महाराष्ट्रात चंद्र मावळलेला असेल.