मोबाइल, टीव्ही किंवा एसी घेताना पक्के बिल कसे मागावे आणि कसे वाचावे

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात भाव ठरला की बहुतेक ठिकाणी एक प्रश्न हमखास येतो: "बिल हवंय का? बिलाशिवाय घेतलंत तर हजार-दीड हजार कमी करतो." आपले हजार रुपये वाचणार असतात, दुकानदार ओळखीचा असतो, आणि कर म्हणजे सरकारच्या खिशात जाणारा पैसा अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, त्यामुळे अनेकजण तिथल्या तिथे होकार देतात. हा होकार देऊ नये असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले नसून निव्वळ व्यवहाराचे आहे.

समजा, मोबाइलची किंमत सर्व करांसह २३,६०० रुपये आहे. त्यात मूळ किंमत २०,००० आणि १८ टक्के जीएसटी ३,६०० रुपये असतो. दुकानदाराने तो मोबाइल वितरकाकडून बिलाने घेतला असेल, तर या ३,६०० पैकी बराचसा कर त्याने खरेदीच्या वेळीच भरलेला असतो, आणि सरकारजमा करायचा उरतो तो फक्त त्याच्या नफ्यावरचा लहानसा भाग. मग हजार-दीड हजारांची सूट तो देतो कोठून, हे विचारावे. बहुधा उत्तर असे असते की माल मुळातच बिलाने आलेला नाही, किंवा त्या मालाचे बिल दुसऱ्याच कोणाच्या नावावर फाडले जाणार आहे. पहिल्या शक्यतेत वस्तूच्या खरेपणाची आणि कंपनीच्या वॉरंटीची खात्री राहत नाही, आणि दुसऱ्या शक्यतेत आपण पैसे मोजलेल्या वस्तूचा कागदोपत्री मालक भलताच कोणी ठरतो.

बिल न देणे ही दुकानदाराची मर्जी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत विक्रेत्याला केवळ २०० रुपयांच्या आतल्या विक्रीसाठी वेगळे बिल न करण्याची मुभा आहे, तीही ग्राहकाने ते मागितले नाही तरच. म्हणून दुकानात वाद न घालता सरळ म्हणावे, "पक्के बिल द्या, त्यावर आयएमईआय क्रमांक टाका आणि मगच पैसे घ्या." (आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक.) कोटेशन, अंदाजपत्रक, डिलिव्हरी चलन किंवा दुकानाचा शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड यांपैकी कोणताही कागद बिलाची जागा घेत नाही.

आता हिशेब. खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, ही सर्व करांसहच असते, त्यामुळे "एमआरपीवर जीएसटी वेगळा लागेल" हे वाक्य ऐकताच तिथे थांबावे. सूट दिलेल्या किमतीवर वर कर लावणे हाही त्यातलाच प्रकार आहे. एमआरपीवर अमुक टक्के सूट अशी पाटी लावून प्रत्यक्ष बिलात त्यावर कर चढवणे ही अनुचित प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये, जीएसटीपूर्वीच्या व्हॅट या विक्रीकराच्या काळातल्या एका प्रकरणात, स्पष्ट केले आहे. एकूण रकमेतून कर काढायचा असेल तर तिचे थेट १८ टक्के काढू नयेत, कारण तसे केल्यास उत्तर जास्त येते. एकूण रकमेला ११८ ने भागून १८ ने गुणावे. २३,६०० ला ११८ ने भागल्यास २०० येतात आणि २०० गुणिले १८ म्हणजे ३,६००.

हाच हिशेब करकपातीच्या बातम्या वाचतानाही उपयोगी पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा या वस्तू दहा टक्क्यांनी स्वस्त होतील अशी अनेकांची समजूत झाली. करापूर्वीची किंमत ३०,००० असलेला एसी आधी ३८,४०० ला मिळत असेल, तर नव्या दराने तो ३५,४०० ला मिळायला हवा. म्हणजे घट ३,००० रुपयांची, सुमारे ७.८ टक्क्यांची. दहा टक्क्यांची अपेक्षा धरून दुकानदाराशी भांडणे चुकीचे, तसेच पाच टक्के सूट "करकपातीची" म्हणून मिळाली की समाधान मानणेही चुकीचेच. मोबाइल, लॅपटॉप, फ्रिज आणि धुलाई यंत्र यांचा दर आधीपासूनच १८ टक्के होता, त्यामुळे या वस्तूंवर "जीएसटी कमी झाल्याची" सूट कोणी देऊ केली, तर ती दुकानाची नेहमीचीच सूट समजावी.

मोबाइलच्या दराबद्दल माझे स्वतःचे मत इथे नोंदवतो. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, आणि सात हजारांच्या साध्या स्मार्टफोनला व दीड लाखाच्या फोनला तो एकाच दराने लागतो. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर करावी अशी व्यवस्था आहे. बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी, मुलांच्या शाळेच्या सूचना हे सगळे फोनवरच येते. सरकारी कामासाठी जी वस्तू हाताशी असावीच लागते, तिच्या स्वस्त प्रकारांवर चैनीच्या फोनाइतकाच कर असणे मला न्याय्य वाटत नाही. कर टाळून मात्र हे मत सिद्ध होत नाही. उलट, बिलावर छापलेल्या कराचा आकडा हातात असेल, तरच आपण लोकप्रतिनिधीला नेमका प्रश्न विचारू शकतो.

बिल हातात आले की सर्वप्रथम वरचा जीएसटी क्रमांक पाहावा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, आणि त्यापुढची दहा अक्षरे विक्रेत्याच्या पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता हा क्रमांक शोधता येतो, आणि तिथे दुकानाचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे दिसते. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि नोंदणीत दुसरे, हे फर्मच्या आणि व्यापारी नावाच्या फरकामुळे असू शकते, तेवढ्याने घाबरू नये; पण नोंदणी रद्द दिसत असूनही बिलावर कर आकारलेला असेल, तर तो पैसा सरकारकडे जाणार नाही हे उघड आहे.

कव्हर, चार्जर, इअरफोन विकणाऱ्या छोट्या दुकानाकडे जीएसटी क्रमांक नसणे कायदेशीर असू शकते, कारण फक्त वस्तू विकणाऱ्याला आपल्याकडे साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. काही दुकाने लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असतात; त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि तसे बिलावर लिहावे लागते. क्रमांक नाही, किंवा कंपोझिशन असे लिहिले आहे, आणि तरीही खाली "जीएसटी १८ टक्के" अशी ओळ आहे, असे बिल परत करावे.

कराच्या रकान्यात स्थानिक खरेदीला सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९ टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९ टक्के अशा दोन ओळी असतात; परराज्यातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवले, तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित कर) १८ टक्के अशी एकच ओळ असते. आपल्याला पडणारा खर्च दोन्हीत सारखाच. सिंधुदुर्गातले अनेकजण खरेदीसाठी म्हापसा-पणजीला जातात, आणि व्हॅटच्या काळात राज्याराज्यांत दर वेगळे असल्याने तसे करण्याला काही वेळा अर्थही होता; १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यानंतर मात्र मोबाइल-टीव्हीचा कर दोन्हीकडे एकच आहे, तेव्हा भावात फरक असलाच तर तो दुकानाच्या नफ्याचा किंवा कंपनीच्या योजनेचा समजावा.

जुना फोन देऊन नवा घेताना बिल विशेष बारकाईने वाचावे, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. जीएसटीच्या मूल्यांकनाच्या नियमांत नेमके हेच उदाहरण दिलेले आहे: जुना फोन देऊन २०,००० ला मिळणारा नवा फोन एरवी २४,००० ला विकला जात असेल, तर करासाठी त्याचे मूल्य २४,००० धरायचे. काही दुकानदार बिलच २०,००० चे करतात. ग्राहकाला वाटते, आपण भरले तेवढेच तर लिहिले आहे. पुढे फोन सदोष निघून पैसे परत मागण्याची वेळ आली, किंवा विम्याचा दावा करायचा झाला, की आधाराला तोच २०,००० चा कागद असतो, आणि आपला जुना फोन हिशेबातून नाहीसा होतो. म्हणून बिलावर नव्या फोनची पूर्ण किंमत आणि जुन्या फोनपोटी वजा केलेली रक्कम, दोन्ही स्वतंत्र ओळींत लिहून घ्याव्यात, आणि जुन्या फोनचा आयएमईआय क्रमांकही त्याच कागदावर नोंदवून घ्यावा, म्हणजे तो फोन पुढे कोणाच्या हातात गेला तरी आपण तो कधी दिला याचा पुरावा राहतो.

हप्त्यांचेही तसेच. "बिनव्याजी हप्ते" या योजनेत बँक व्याज लावतेच. फक्त तेवढी रक्कम दुकान किंवा कंपनी सूट म्हणून आधीच वजा करते. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो सहसा कोणी भरून देत नाही. ३०,००० च्या फोनवर सहा महिन्यांत व्याज १,३०० होत असेल, तर त्यावरचा कर २३४ रुपये, आणि प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह सुमारे २३५. म्हणजे बिनव्याजी म्हणून घेतलेल्या फोनवर जवळपास ४७० रुपये जास्त गेले. रक्कम मोठी नाही, पण ती दुकानाच्या बिलावर दिसत नाही, कार्डाच्या विवरणपत्रात दिसते, म्हणून विचारून घ्यावी. रोख किंवा यूपीआयने दिल्यास वेगळी सूट मिळते का, हे त्याच वेळी विचारावे.

पैसे देण्यापूर्वी खोके उघडायला लावावे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवरचे, खोक्यावरचे आणि बिलावरचे क्रमांक अंक न् अंक जुळले पाहिजेत. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक मोकळी जागा आणि तो १५ अंकी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला, की फोनची माहिती येते. हीच तपासणी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही करता येते. जुना, वापरलेला फोन घेताना तर ही तपासणी केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तोही पाहावा. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला नसेल, तर तो माल आडमार्गाने आलेला असण्याची शक्यता मोठी असते.

बिल थर्मल कागदावर असेल, तर काही महिन्यांत त्यावरची अक्षरे उडतात, आणि वॉरंटीची गरज नेमकी तेव्हाच लागते. घरी पोहोचताच त्याचा स्वच्छ फोटो काढून स्वतःलाच ईमेलने पाठवावा. फक्त फोनमध्ये ठेवू नये, कारण फोन हरवला तर बिलही त्याच्यासोबत जाते. हरवलेला फोन संचार साथीवरून बंद करवताना पोलीस तक्रारीच्या प्रतीबरोबर खरेदीचे बिल जोडता येते.

व्यवसायासाठी लॅपटॉप घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाने आपला जीएसटी क्रमांक बिल बनण्यापूर्वीच सांगावा, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. मात्र व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी ग्राहक आयोगापुढे अडचणीत येऊ शकते. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांना कायद्याने त्यातून सूट दिली आहे. घरच्या वापराचा टीव्ही केवळ वजावटीसाठी दुकानाच्या नावावर घेऊ नये.

वस्तू सदोष निघाली, तर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या छापील ओळीने हक्क संपत नाही. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित प्रथाच आहे. प्रथम दुकानाला आणि कंपनीला लेखी तक्रार द्यावी. तोंडी बोलण्याचा पुढे उपयोग होत नाही. ऑनलाइन खरेदी असेल, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते. तरीही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दुकान पुण्यात आणि आपण लातुरात असलो तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अर्ज लिहिताना मदत हवी असल्यास मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून हे काम करणाऱ्या संस्थांचे मार्गदर्शन घ्यावे. अर्जासोबत बिलाची प्रत, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि सेवा केंद्राने प्रत्येक वेळी दिलेली जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीसाठी वस्तू घेतल्याची नोंद असलेला कागद, तारखेच्या क्रमाने लावावी; सेवा केंद्र जॉबशीट न देता नुसता फोन ठेवून घेत असेल, तर फोन तिथे सोडून येऊ नये.