खाडीकाठच्या घरात प्लास्टरची दुरुस्ती कशी करून घ्यावी

आमच्या ठाणे पूर्वेला, कोपरीत, पाऊस ओसरायला लागला की घरोघरी एकच दृश्य असतं. कपाट जरा पुढे ओढलं की मागच्या भिंतीवर पोपडे सुटलेले, खाली फरशीवर पांढरी भुकटी, आणि हात लावला तर गार, ओलसर भिंत. तोवर गणपती तोंडावर आलेले असतात. पाहुणे येणार, आरास करायची, म्हणून घाईघाईने पोपडे खरवडायचे, लांबी (भिंतीची पुट्टी) ओढायची आणि वर रंग मारून घ्यायचा.

चार वर्षांपूर्वी मीही हेच केलं. कंत्राटदाराने दोन दिवसांत भिंत गुळगुळीत करून दिली आणि पैसे घेऊन गेला. दिवाळीत टेबल सरकवताना कोपरा भिंतीला जरासा लागला आणि लांबीचा थर करंजीच्या पारीसारखा तुटून हातात आला. आत सिमेंटची वाळू झाली होती, बोटाने गळत होती. दुसऱ्या वर्षी सगळं काढून पुन्हा केलं, या वेळी एका जुन्या गवंडीकाकांच्या हाताखाली. त्यांनी पहिल्या दिवशी थापीला हातच लावला नाही. "ताई, आधी पाणी कुठनं येतंय ते सांगा, मग प्लास्टरचं बोलू," म्हणाले. तिथून पुढे जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, सगळीकडच्या घरांना ते लागू पडेल, कारण पाऊस तोच आणि खाडीची खारी हवाही तीच.

पहिली पायरी : पाणी शोधा

सर्वात जास्त वेळ याच पायरीला द्या. बाकीच्या सगळ्या पायऱ्या नीट केल्या आणि ही चुकली, तर पैसे वाया गेलेच समजा.

ओल नेमकी कधी येते, हे आठवून पाहा. जून ते सप्टेंबरातच येत असेल आणि मार्चपर्यंत भिंत खडखडीत वाळत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या छज्ज्यावरून किंवा गच्चीतून येतं. एप्रिलच्या उन्हातही भिंत ओलीच असेल, तर पाइप, बाजूचं बाथरूम किंवा वरच्यांची मोरी यांच्यावर संशय घ्यायचा.

एक सोपी चाचणी आहे. साधारण दीड फूट चौरस जाड प्लास्टिक भिंतीला लावून चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दमटपणा आला तर तो खोलीतल्या हवेतला आहे, आणि त्याला प्लास्टर फोडण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवणं जास्त उपयोगी.

बाथरूमवर संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीचं, तोंड बंद करा, फरशीवर एक-दोन इंच पाणी भरा, त्यात थोडा रंग घाला आणि २४ तास थांबा. पाण्याची पातळी उतरली किंवा खालच्या छताला रंग दिसला, की पुरावा मिळाला. वरच्या मजल्यावरच्यांशी हे बोलणं अवघड जातं, पण भांडणाआधी ही चाचणी दोघांच्या समोर केली तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

खर्च कुणाचा, हेही याच वेळी पाहून घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून झिरपणारं पावसाचं पाणी, बाहेरचे सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन यांची गळती दुरुस्त करणं सोसायटीकडे असतं. गच्चीच्या गळतीने सर्वात वरच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीनेच करायचं. यात न बसणारी घरातली दुरुस्ती ज्याची त्याने करायची. सोसायटीला कळवायचं ते लेखी कळवा आणि पोच घ्या. जिन्यात भेटल्यावर सेक्रेटरींना सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी पायरी : भिंत वाजवून पाहा

नाणं किंवा चमच्याची मागची बाजू घेऊन वीतभर अंतरावर टकटक करत जा. धरून असलेलं प्लास्टर टणक, आखूड आवाज देतं. सुटलेलं बद्द वाजतं, तडा गेलेल्या माठासारखं. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने रेघ ओढत चला. माझ्या भिंतीवर पोपडे वीतभरच होते, पण खडूची रेघ जोडल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंतचा भाग सुटलेला निघाला. डोळ्यांना दिसतं त्यावरून अंदाज केला असता तर पुन्हा फसले असते.

फोडताना या रेघेच्याही चार-सहा इंच पुढे जा आणि कड सरळ, चौकोनी कापून घ्या. वेड्यावाकड्या कडेला नवं प्लास्टर नीट बसत नाही आणि तिथेच नंतर भेग दिसते. फोडण्याआधी त्या भिंतीतल्या वायरिंगची लाइन मेन स्विचवरून बंद करायला विसरू नका.

छताचं प्रकरण वेगळं. स्लॅबखाली सरळ रेषेत भेगा असतील, तांबूस डाग असतील किंवा गज (आतल्या लोखंडी सळ्या) दिसत असतील, तर हे प्लास्टरचं काम राहिलेलं नाही. आत लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. वरून प्लास्टर थापलं तर तेही घेऊन पडतं, आणि खाली कुणी झोपलेलं असू शकतं. त्या खोलीतला पलंग हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवा. गंज काढून गज साफ करणं, त्यावर गंजरोधक थर, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला), आणि गज फार झिजला असेल तर जोडीला नवा गज, हे त्यांच्या देखरेखीखालीच व्हावं. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं, असं उपविधी सांगतात. तुमच्या सोसायटीचं शेवटचं ऑडिट कधी झालं, ते विचाराच.

तिसरी पायरी : माल

वाळूकडे सर्वात जास्त लक्ष द्या. मुंब्र्याचं रेतीबंदर नावानेच सांगतं की इथे खाडीच्या रेतीचा धंदा जुना आहे. पण खाडीच्या रेतीत मीठ असतं आणि ते मीठ भिंतीत हवेतली ओल ओढून घेत राहतं. मग लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटतो, पांढरा, केसांसारखा. म्हणून नदीची धुतलेली वाळू किंवा प्लास्टरसाठी मिळणारी बारीक क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू आणि वर पाणी भरून हलवा, तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसेल. तो वाळूच्या थराच्या आठ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर ती वाळू परत पाठवा किंवा धुऊन घ्या.

सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) चालतं, प्लास्टरला ते चांगलंच. गोणीवरची तारीख पाहा, तीन महिन्यांपेक्षा जुनी नको, आणि पावसाळी हवेत गोणी भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवू नका. अर्धा इंच जाडीने १०० चौरस फुटांना, १:५ प्रमाण (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू) धरलं तर, साधारण एक गोणी सिमेंट आणि सहा घनफूट वाळू लागते. भिंत फार ओबडधोबड असेल तर याहून जास्त.

आतल्या भिंतीला १:४ ते १:५, बाहेरच्या भिंतीला आणि छताला १:४. सिमेंट जास्त घातलं की मजबुती वाढते, असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात जास्त सिमेंटचं प्लास्टर सुकताना जास्त आखडतं आणि तडकतं. प्रमाण फावड्याने मोजू देऊ नका. एक गोणी म्हणजे सुमारे ३५ लिटर. तेवढ्याच मापाचा फर्मा घेऊन वाळू त्याने मोजायची.

जिप्सम प्लास्टरबद्दल घोडबंदर रोड आणि खारघरच्या नव्या इमारतींमधून खूप विचारणा होते. ते छान गुळगुळीत होतं आणि त्याला पाणी मारावं लागत नाही. पण ते कोरड्या खोल्यांपुरतंच. बाथरूम, बाहेरची भिंत आणि ओल येणारी कुठलीही भिंत यांना ते लावू नये, पाण्याने ते मऊ पडतं.

चौथी पायरी : भिंत तयार करणं

विटांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडायचे, धूळ ब्रशने झाडायची आणि आदल्या संध्याकाळी भिंतीवर पाणी मारून ठेवायचं. लावायच्या वेळी भिंत दमट हवी, पण पाणी निथळत नको. कोरडी वीट मसाल्यातलं (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी शोषून घेते आणि मग सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. लोणा असेल तर तो आधी कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातात.

बीम किंवा कॉलमचं काँक्रीट गुळगुळीत असतं, त्यावर छिन्नीने जवळजवळ खाचा पाडाव्या लागतात. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे चिकन मेश (तारेची बारीक जाळी) लावायची, सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. बीमखालची ती ओळखीची आडवी भेग पुन्हा पुन्हा येते, कारण ही जाळी लावलेली नसते. ब्लॉकच्या हलक्या भिंतींना पाणी हलक्या हाताने शिंपडा, त्या खूप पाणी पितात.

पाचवी पायरी : प्लास्टर

मसाला आधी कोरडाच पत्र्यावर कालवा, रंग एकसारखा होईपर्यंत. मग पाणी. एका वेळी तेवढाच भिजवायचा, जेवढा अर्ध्या तासात संपेल. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मसाल्यात पुन्हा पाणी ओतून तो वापरतात, तेव्हा तिथे उभं राहून स्पष्ट नाही म्हणा. तो मसाला मेलेला असतो.

आतला थर अर्धा इंच. बाहेरची भिंत पाऊण इंच, पण दोन हातांत, म्हणजे दोन थरांत. पहिला हात खरखरीत ठेवायचा, त्याला पाणी मारायचं आणि मग दुसरा. भिंत खूप खोल गेली असेल तरी एका दमात दोन इंच भरू देऊ नका, स्वतःच्या वजनाने तो थर खाली सरकतो. काम वरून खाली आणायचं, मध्ये मध्ये पट्टी आणि ओळंबा लावून पाहायचं.

एक गोष्ट मी जवळून पाहिली. ओल्या प्लास्टरवर पटकन घोटता यावं म्हणून बिगारी वरून कोरडं सिमेंट उधळत होता. काकांनी त्याचा हात धरला. वर सिमेंटची साय बसते, ती खालच्या थरापेक्षा जास्त आखडते आणि महिन्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पाणी जरा ओढलं जाईपर्यंत थांबायचं आणि मग लाकडी रंध्याने घोटायचं, एवढंच करायचं असतं.

पहिल्या दिवशी पंखा बंद ठेवा आणि दुपारचं ऊन येत असेल तर पडदा ओढा.

सहावी पायरी : पाणी मारणं

दुसऱ्या दिवसापासून आत निदान सात दिवस, बाहेर दहा. मे महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा. बाहेरच्या भिंतीवर गोणपाट टांगून ते ओलं ठेवा. कामाचं बोलणं करतानाच पाणी कोण मारणार ते ठरवून लिहून ठेवा, कारण मिस्त्री दुसऱ्या साइटवर निघून जातो आणि घरचे नोकरीला. पाणीकपात असेल तर आदल्या रात्री बादल्या भरून ठेवा. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी केलं, सकाळी तुळशीला पाणी घातलं की पुढचा तांब्या भिंतीवर. सात दिवसांत त्यांनी एकही वेळ चुकवली नाही, आणि आमची भिंत टिकली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

रंग कधी आणि काम कधी

पाणी मारणं थांबल्यावर तीन-चार आठवडे भिंत सुकू द्या, मग लांबी आणि रंग. नवं प्लास्टर क्षारयुक्त असतं, घाई केली की रंग फुटतो. हा सगळा हिशोब धरला तर दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत काम काढणं उत्तम. गणपतीसाठी भिंत खराब दिसत असेल तर सुटलेला भाग खरवडून साधा चुना द्या किंवा आराशीचा पडदा तिथे लावा. भर पावसात लांबीवर पैसे घालू नका.

राडारोडा गोणीत भरून पालिकेच्या व्यवस्थेतूनच द्या. टेम्पोवाला "टाकतो कुठेतरी" म्हणाला तर ते बहुधा खाडीकाठचं कांदळवन असतं.

कंत्राटदाराचे थोडे पैसे पहिल्या पावसापर्यंत हातात राखून ठेवायचं आधीच ठरवा. जूनमध्ये दोन-तीन जोरदार सरी होऊन गेल्या की तेच नाणं घ्या आणि नव्या भागाच्या कडेने, विशेषतः खालच्या कोपऱ्यात, पुन्हा वाजवून पाहा. बद्द वाजलं तर त्याच दिवशी फोन करा, ऑक्टोबरची वाट पाहू नका.